प्लेगची पहिली वर्दी देणारा डॉक्टर

मुंबईत मेट्रो चित्रपटगृहासमोरच्या वर्दळीत एक पुतळा उभा आहे. शेजारून रोज हजारो माणसे जातात, पण हा पुतळा कोणाचा, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते. तो आहे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगास यांचा. सारे शहर निर्धास्त असताना दारात आलेल्या मृत्यूला त्याच्या खऱ्या नावाने ओळखणारा हा डॉक्टर.

गोव्यातील बार्देश तालुक्यातील हडफडे या गावी १८५६ मध्ये त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते मुंबईला आले. सेंट झेवियर्समधील शालेय शिक्षणानंतर ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली आणि मांडवी भागात दवाखाना थाटला. बंदराला लागून असलेली ही वस्ती म्हणजे धान्याची कोठारे, अंधाऱ्या चाळी आणि तुंबलेली गटारे. शेटजींच्या पेढ्या आणि हमालांच्या खोल्या एकाच गल्लीत. या वस्तीची नाडी व्हिएगास यांना नेमकी ठाऊक होती. १८८८ मध्ये येथूनच ते महापालिकेवर निवडून गेले.

१८९६ चा पावसाळा सरत आला, तेव्हा मांडवीत विचित्र तापाचे रोगी आढळू लागले. एकाएकी चढणारा ताप, जांघेत वा काखेत सुजलेली गाठ आणि चार-दोन दिवसांत मृत्यू. धान्याच्या वखारींत उंदीर मरून पडत होते. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातले होते आणि तेथेच अलेक्झांद्र येर्सिन यांनी या रोगाचा जंतू शोधला होता. मुंबईचा त्या बंदराशी अखंड व्यापार होता. तरीही धोक्याची शंका बोलून दाखवण्यास कोणी धजत नव्हते.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी व्हिएगास यांनी निदान जाहीर केले. हा गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. हे सांगणे सोपे नव्हते. प्लेग हा शब्द उच्चारला की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना मज्जाव करणार, बाजार बसणार, व्यापाऱ्यांचे दिवाळे निघणार, ही धास्ती होती. सरकारी भाषेत काही काळ संशयित तापाचाच उल्लेख होत राहिला. सामान्य लोकांनाही हा हंगामी ताप वाटला. निदानाची खातरजमा करण्यासाठी तज्ज्ञांच्या चार स्वतंत्र तुकड्यांनी तपासणी केली. त्या साऱ्यांनी व्हिएगास यांचेच म्हणणे उचलून धरले. मात्र, मधले मोलाचे दिवस हातचे गेले होते.

मग सरकार जागे झाले आणि या टोकावरून त्या टोकाला गेले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला महापालिका आयुक्तांनी रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा हुकूम काढला. समुद्राचे पाणी आणि कार्बॉलिक आम्ल सोडून गटारे धुतली जाऊ लागली. घरात घुसून माणूस उचलून नेणारा हा कारभार लोकांना रोगाहून भयंकर वाटला. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला चढवला. अखेर सक्ती सैल करावी लागली. आधी दुर्लक्ष आणि नंतर दंडेली या दोन्ही चुका एकाच शहराने महिन्याभरात पाहिल्या.

दरम्यान माणसे मुंबई सोडू लागली. फेब्रुवारी १८९७ पर्यंत निम्मे शहर रिकामे होत आल्यासारखे झाले. जुन्नर, आंबेगाव, खेड अशा तालुक्यांतून पोट भरण्यासाठी आलेले कष्टकरी घाट चढून गावाकडे निघाले. आजार पुण्यातही पोहोचला. देशावरच्या कित्येक गावांनी वेशीबाहेर माळावर झोपड्या घालून दिवस काढले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पाचच दिवसांनी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत प्लेगने गेले आणि १० मार्चला रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात देह ठेवला. पुण्यातील सक्तीच्या झडत्यांचा शेवट २२ जूनला प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील गोळीबारात झाला.

या कोलाहलात व्हिएगास मात्र मांडवीतच पाय रोवून होते. जिवाची पर्वा न करता ते रोग्यांच्या खोल्यांत जात होते. वस्ती स्वच्छ करा, उंदीर मारा, हा त्यांचा धोशा होता. पिसवांमार्फत रोग पसरतो, हा पॉल-लुई सिमाँ यांचा शोध १८९८ चा. त्याआधीच घाण आणि उंदीर यांच्यावर व्हिएगास यांचे बोट होते. कलकत्त्याहून आलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक सुईला भीत होते, अफवांना ऊत आला होता. अशा वेळी व्हिएगास यांनी सुमारे १८ हजार लोकांना स्वहस्ते लस टोचल्याचे सांगितले जाते. घरचा डॉक्टर म्हणून वर्षानुवर्षे कमावलेला विश्वास तेव्हा उपयोगी पडला. जे हुकमाने झाले नाही, ते ओळखीने झाले.

पुढे ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन मुंबईत रुंद रस्ते आणि हवेशीर वस्त्या उभ्या राहू लागल्या. तरी प्लेगने पुढील पाव शतकात देशभर सुमारे एक कोटी बळी घेतले. १९३३ मध्ये डॉ. व्हिएगास यांचे निधन झाले. काळबादेवीतील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर काढावा लागला आणि मुंबईकर पुन्हा गावाच्या वाटेला लागला. साथीचा रोग येतो तेव्हा प्रथम तो कोणाला तरी एकट्याला दिसतो. त्याचे ऐकायला समाज आणि सरकार किती दिवस लावतात, यावरच पुढचे मृत्यू ठरतात. मेट्रोसमोरचा पुतळा मुंबईला इतकेच सांगत उभा आहे.