बाविसाव्या वर्षी जिंकलेले कॅथीड्रल

मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यावरील राजाबाई टॉवर यांचे आराखडे लंडनमध्ये बसून तयार करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे नाव मुंबईकरांनी निदान ऐकलेले तरी असते. या शहरात पाऊलही न ठेवता त्यांनी त्याला एक कायमची ओळख दिली. त्यांच्या नातवाचे नाव मात्र आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. लंडनची छायाचित्रे पाहताना हटकून दिसणारी टेलिफोनची लाल बूथ ही या नातवाची, सर गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांची निर्मिती होय. तथापि त्यांच्या आयुष्याची खरी कथा लिव्हरपूल शहरात घडली. तिचा आरंभ एका खुल्या स्पर्धेने झाला आणि त्या स्पर्धेत उतरताना या तरुणाच्या नावावर एकही इमारत नव्हती.

गाइल्सचा जन्म ९ नोव्हेंबर १८८० रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. घराणे वास्तुविशारदांचे, पण घरातले चित्र सुखाचे नव्हते. वडील जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट (धाकटे) हेही बुद्धिमान वास्तुविशारद. त्यांनी १८८० मध्ये रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला आणि मुलेही त्याच पंथात वाढली. पुढे त्यांचे मानसिक स्वास्थ्य ढळले. १८८४ मध्ये त्यांना कायद्याने वेडसर ठरवण्यात आले. गाइल्सच्या वाट्याला वडिलांचा सहवास जवळजवळ आलाच नाही. १८९७ मध्ये या गृहस्थांचे निधन झाले तेही लंडनच्या मिडलँड ग्रँड हॉटेलात, म्हणजे त्यांच्याच वडिलांनी बांधलेल्या वास्तूत. मुलांना वाढवले ते आई एलन यांनी. ससेक्स परगण्यातील शेतावर राहत असताना ही माउली मुलांना सायकलवर घेऊन गावोगावची जुनी चर्चेस पाहत हिंडे. गाइल्सचे वास्तुकलेचे पहिले धडे हेच म्हणावे लागतील.

१८९९ मध्ये टेंपल मूर या वास्तुविशारदांकडे त्याची उमेदवारी सुरू झाली. मूर हे गाइल्सच्या वडिलांचे शिष्य. जे पित्याकडून मिळायचे ते पित्याच्या शिष्याकडून मिळाले, असा हा योग होता.

उमेदवारीला दोन वर्षे होत आली असतील-नसतील, तोच १९०१ मध्ये लिव्हरपूलच्या धर्मप्रांताने नव्या कॅथीड्रलसाठी वास्तुविशारदांना जाहीर आवाहन केले. हा धर्मप्रांत १८८० मध्ये, म्हणजे गाइल्सच्याच जन्मवर्षी स्थापन झालेला. शहर बंदराच्या व्यापारावर गब्बर झाले होते. पण त्याला साजेसे कॅथीड्रल त्याच्याकडे नव्हते. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमध्ये नवे अँग्लिकन कॅथीड्रल उभारण्याचे प्रसंग आले होते अवघे दोन. एक लंडनचे सेंट पॉल आणि दुसरे ट्रुरोचे. साहजिकच नामवंतांपासून होतकरूंपर्यंत सर्वांच्या उड्या पडल्या. एकूण १०३ प्रवेशिका आल्या. त्यांत खुद्द टेंपल मूर होते. आज ज्यांच्या नावाने ग्लासगो ओळखले जाते, ते चार्ल्स रेनी मॅकिंटॉश होते. आणि मूर यांच्याच संमतीने, फावल्या वेळात रेखाटने करून, त्यांचा हा उमेदवारही होता. आपल्याच गुरूच्या विरोधात शिष्य उभा राहतो आणि गुरू त्याला परवानगी देतो, ही गोष्ट त्या काळीही विरळाच असावी. मूर यांच्या या मोठेपणाची नोंद घ्यायला हवी.

परीक्षक होते जॉर्ज फ्रेडरिक बॉडली आणि रिचर्ड नॉर्मन शॉ. बॉडली हे गाइल्सच्या आजोबांचे जुने शिष्य आणि लग्नसंबंधाने नातलगही. आजच्या नियमांत हे कितपत बसले असते, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईल आणि तो गैरही नाही. मात्र निवड एकट्या बॉडलींची नव्हती. शॉ यांचा ओढा त्या काळात गॉथिक शैलीकडे नव्हे, तर अभिजात शैलीकडे झुकला होता, हेही ध्यानात घ्यावे लागते. पहिल्या फेरीअखेर १९०२ मध्ये पाच जण उरले आणि त्यांना सविस्तर आराखडे सादर करण्यास सांगण्यात आले. मूर आणि मॅकिंटॉश दोघेही गळाले होते. गाइल्स टिकला होता. १९०३ मध्ये परीक्षकांनी त्याच्याच नावाची शिफारस केली.

एकच खळबळ उडाली. विजेता अवघा बावीस वर्षांचा! आजवर काय बांधले, याचे त्याचे उत्तर प्रामाणिक होते. आपल्या आराखड्यानुसार प्रत्यक्षात तयार झालेली एकच वस्तू आहे आणि ती म्हणजे तंबाखूचे पाइप ठेवण्याची छोटी मांडणी, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. त्यात भर म्हणजे तो कॅथलिक निघाला. प्रोटेस्टंट इंग्लंडच्या चर्चचे कॅथीड्रल एका कॅथलिकाने बांधावे, हे अनेकांच्या पचनी पडणे शक्य नव्हते. तरीही धर्मप्रांताने शिफारस मान्य केली. त्याच वेळी सावधगिरीचा उपाय म्हणून पंचाहत्तरीच्या घरातील बॉडली यांची सहवास्तुविशारद म्हणून नेमणूक केली. कालचा परीक्षक आज भागीदार झाला.

१९ जुलै १९०४ रोजी राजे सातवे एडवर्ड यांच्या हस्ते कोनशिला बसली. पण भागीदारी काही बसली नाही. बॉडलींनी अमेरिकेतील दोन कॅथीड्रलांची कामे घेतली आणि लिव्हरपूलकडे त्यांचे येणे कमी झाले. जिंकूनही आपल्या हाती काही नाही, या भावनेने स्कॉट इतके कातावले, की राजीनाम्यापर्यंत वेळ आली. तेवढ्यात १९०७ मध्ये बॉडलींचे अकस्मात निधन झाले आणि सत्ताविशीच्या आत स्कॉट एकटे सूत्रधार झाले.

यापुढचा प्रसंग खरे तर स्पर्धा जिंकण्याहून मोठा. १९१० मध्ये कॅथीड्रलचा पहिला भाग, लेडी चॅपेल, उपासनेसाठी खुला झाला. त्याच वर्षी स्कॉट समितीपुढे गेले आणि मुख्य इमारतीचा आराखडा आपल्याला पसंत नसल्याचे त्यांनी सांगितले. तोच आराखडा, ज्याने १०२ प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले होते! काही दगडी काम उभेही राहिले होते. जुळ्या मनोऱ्यांची ती कल्पना गेल्या शतकातील चर्चेसची पुनरावृत्ती आहे, असे त्यांना वाटू लागले होते. त्याजागी मध्यभागी एकच प्रचंड मनोरा आणि दोन्ही बाजूंना समतोल, साधी रचना असा नवा आराखडा त्यांनी मांडला. समितीची त्या वेळची अडचण सहज समजण्यासारखी आहे. देणगीदारांचा पैसा, अर्धवट बांधकाम आणि तिशीतला वास्तुविशारद सांगतो आहे, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू. नोव्हेंबर १९१० मध्ये समितीने होकार दिला. आज लिव्हरपूलमध्ये उभे आहे ते स्पर्धेत जिंकलेले कॅथीड्रल नव्हे, तर जिंकलेल्या माणसाने सात वर्षांनी नव्याने योजलेले कॅथीड्रल आहे.

पुढची कारकीर्द सर्वपरिचित आहे. १९ जुलै १९२४ रोजी, कोनशिलेनंतर बरोबर वीस वर्षांनी, वास्तूच्या पूर्ण झालेल्या भागाचा अभिषेक झाला आणि स्कॉट यांना सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी ते आणखी एका स्पर्धेत उतरले, पण या वेळी निमंत्रित म्हणून. टपाल खात्याला टेलिफोनसाठी नवे बूथ हवे होते. स्कॉट यांनी सौम्य पोलाद, बाहेरून चंदेरी आणि आतून निळसर हिरवा रंग सुचवला होता. खात्याने रचना घेतली, पोलादाऐवजी ओतीव लोखंड वापरले आणि रंग दिला लाल. ज्या रंगामुळे ही बूथ जगप्रसिद्ध झाली, तो मूळ रचनाकाराचा नव्हेच! बॅटरसी वीजकेंद्राचे बाह्यरूप, वॉटर्लू पूल, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या हाऊस ऑफ कॉमन्सची पुनर्बांधणी अशी कामे होत गेली. बँकसाइड वीजकेंद्राच्या त्यांनी घडवलेल्या इमारतीत २००० मध्ये टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय सुरू झाले.

या सगळ्यांत लिव्हरपूल सुटले नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये, शहर बॉम्बवर्षावातून जेमतेम सावरत असताना, मनोऱ्याच्या माथ्यावरचा अखेरचा दगड स्कॉट यांनी स्वतः बसवला. हा मनोरा १०१ मीटर उंच, म्हणजे आजोबांच्या राजाबाई टॉवरहून सुमारे सोळा मीटरने अधिक. पश्चिमेकडचा भाग तरीही बाकीच होता.

८ फेब्रुवारी १९६० रोजी लंडनच्या रुग्णालयात वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्लिमथ येथील एका चर्चचे नकाशे त्यांनी रुग्णालयातही सोबत नेले होते आणि अखेरपर्यंत त्यात ते दुरुस्त्या करत होते. लिव्हरपूलचे कॅथीड्रल पूर्ण झाले ते १९७८ मध्ये, कोनशिलेनंतर ७४ वर्षांनी.

कॅथलिक असल्यामुळे आपण बांधलेल्या कॅथीड्रलमध्ये त्यांचे दफन होऊ शकले नाही. पश्चिम दाराबाहेर, पत्नी लुईझ यांच्या शेजारी, अँपलफोर्थच्या कॅथलिक संन्याशांनी त्यांचा अंत्यविधी केला. स्कॉट यांच्या १९४२ च्या आराखड्यानुसार ही जागा एका देवडीच्या छताखाली येणार होती. पुढे पश्चिम बाजूची रचना बदलली, देवडी झाली नाही आणि वाहनतळाकडे जाणारा रस्ता थडग्यावरून गेला. २०१२ मध्ये तो रस्ता वळवून तेथे नवी शिळा बसवण्यात आली.