प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज : एका जिज्ञासू मनाची गोष्ट



आपल्या वऱ्हाडातलं लेकरू बोलायला लागलं की त्याचं 'काऊन?' सुरू होतं. पाऊस काऊन पडते? आजी देवाघरी काऊन गेली? चार-पाच प्रश्न झाले की आपण म्हणतो, गप बस बरं आता! पण या 'काऊन'ला कुणी साथ दिली तर काय घडू शकतं, हे पाहायचं असेल तर अमरावती जिल्ह्यातल्याच संत गुलाबराव महाराजांचं चरित्र मुलांना जरूर सांगा.

महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी या गावी, मोहोड कुटुंबात झाला. त्यांचं मूळ गाव चांदूर बाजार तालुक्यातलं माधान. वडील गोंदुजी, आई अलोकाबाई. बाळ जेमतेम नऊ महिन्यांचं असताना दृष्टी गेली. पुढे लहानपणीच आईही गेली आणि आजोळी आजीनं त्यांना सांभाळलं.

आता तो काळ डोळ्यांसमोर आणा. भारतातली अंधांसाठीची पहिली शाळा १८८७ मध्ये निघाली, तीही दूर अमृतसरला. वऱ्हाडातल्या खेड्यातल्या मुलाला तिचा काय उपयोग? पाटी नाही, पुस्तक वाचता येत नाही. पण मी कोण, हे जग कुठून आलं, माणसानं कशासाठी जगायचं, हे प्रश्न काही दिसण्यावर अवलंबून नसतात ना!

मग ते शिकले कसे? ऐकून. कुणीतरी ग्रंथ वाचायचं, ते कान देऊन ऐकायचे आणि लक्षात ठेवायचे. पुढे ते सांगायचे आणि कुणीतरी लिहून घ्यायचं. अशा रीतीनं मराठी, हिंदी, संस्कृत या भाषांत त्यांचे सुमारे १३० लहानमोठे ग्रंथ तयार झाले. वेदांत आणि भक्ती हे मुख्य विषय. पण संगीत आणि आयुर्वेदही त्यांनी सोडले नाहीत. 'नावंग' नावाची स्वतःची एक भाषासुद्धा त्यांनी तयार केली!

स्वतःला ते ज्ञानेश्वर माउलींची कन्या मानत आणि कृष्णाची भक्ती करत. ज्ञान आणि प्रेम यांची सांगड घालणारा त्यांचा विचार 'मधुराद्वैत' म्हणून ओळखला जातो. जगण्याचा अर्थ शोधताना त्यांना मिळालेलं हे उत्तर होतं.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. डार्विन आणि स्पेन्सर या पाश्चात्त्य विचारवंतांची मतंही त्यांनी समजून घेतली. ती त्यांना पटली नाहीत. आज आपण विज्ञानाच्या तासाला डार्विनचा उत्क्रांतिवाद शिकवतो आणि तो शिकवायलाच हवा. पण न पटणारं मतही आधी नीट ऐकून घ्यावं, मग त्यावर बोलावं, ही सवय मुलांनी महाराजांकडून घेण्यासारखी आहे.

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ३४ वर्षं.

आता जरा आपल्याकडे वळू. वर्गात ज्याला वाचता येत नाही, त्याला आपण चटकन 'ढ' ठरवतो. खरं सांगा, त्याच्या मनात प्रश्न नसतात का? महाराजांची बुद्धी आणि स्मरणशक्ती असामान्य होती, हे खरंच. पण त्यांना वाचून दाखवणारं कुणी भेटलंच नसतं, तर ते १३० ग्रंथ कुठून आले असते? त्या वाचणाऱ्यांची आणि लिहून घेणाऱ्यांची आठवण आपण फारशी काढत नाही. आपलं काम तर त्यांचंच आहे.

म्हणून एक सोपा उपक्रम करून पाहा. रोज पाच मिनिटं मुलांना डोळे मिटून बसवा आणि एक उतारा वाचून दाखवा. नंतर उत्तरं विचारू नका. प्रत्येकाला एक प्रश्न विचारायला सांगा. पालकांनी हेच रात्री जेवणानंतर घरी करावं. मागच्या बाकावरचं लेकरू काय विचारतं, ते मात्र नक्की लिहून ठेवा.