न्यायासन सोडून पांडववाडीला
(द्वितीय वर्ष, कला)

सातारा म्हणजे पेन्शनरांचे गाव, असे आपल्याकडे गंमतीने म्हणतात. मुंबई-पुण्याला तीस-पस्तीस वर्षे नोकरी करावी आणि पुढे हवापाण्यासाठी साताऱ्याला, वाईला किंवा सांगलीला एखादे बैठे घर बांधून राहावे, असा बेत करणारे अनेक लोक असतात. निवृत्तीनंतर कोठे राहावे याचा हिशोब हल्ली पाणी, दवाखाना, एस. टी. स्टँड आणि मुलांचे गाव किती लांब, यावर ठरतो. अडीचशे वर्षांपूर्वी मात्र आपल्याच भागातील एका माणसाने पुण्यासारखी राजधानी, पालखीचा मान आणि मराठी राज्यातील सर्वांत मोठे न्यायासन सोडून वाईजवळची एक वाडी राहण्यासाठी निवडली. त्यांचा हिशोब निराळा होता. ते म्हणजे रामशास्त्री प्रभुणे.

रामशास्त्र्यांचे नाव आपण शाळेपासून ऐकतो. कोणी निःस्पृहपणे वागला की त्याला रामशास्त्री बाण्याचा म्हणतात. पण त्या बाण्यामागचा माणूस आपल्या किती जवळचा होता, हे आपल्याला ठाऊक नसते. त्यांचा जन्म 1720 च्या सुमारास साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचा. कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा जेथे संगम होतो, ते हे गाव. साताऱ्याहून तासाभरात चालत जाता येते. घरची गरिबी होती आणि वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. मुंज झाल्यावर जे शिकायचे ते काहीच शिकले नाहीत, आणि पोटासाठी साताऱ्यास अनगळ सावकाराच्या घरी शागिर्द म्हणून राहिले. शागिर्द म्हणजे घरातला वरकाम करणारा पोरगा. पाणी भरावे, धोतरे धुवावीत, आल्यागेल्याच्या पायांवर पाणी घालावे.

पुढची गोष्ट अशी सांगतात. एकदा सावकाराच्या पायांवर पाणी घालताना या मुलाची नजर सावकाराच्या कानातल्या भिकबाळीवर खिळली आणि पाण्याची धार भलतीकडे गेली. सावकाराने विचारले तेव्हा त्याने खरे ते सांगून टाकले, की बाळी फार सुंदर दिसते म्हणून पाहत राहिलो. सावकार हसला. असले दागिने विद्या मिळवणाऱ्याला किंवा तलवार गाजवणाऱ्याला मिळतात, पाणी घालणाऱ्याला नव्हे, असे काहीसे तो बोलला. हे बोलणे मुलाच्या मनाला लागले. त्याने नोकरी सोडली आणि काशीची वाट धरली.

त्या वेळी रामशास्त्र्यांचे वय विशीच्या आसपास होते असे मानतात. म्हणजे आज आपण जेथे एस. वाय. च्या वर्गात बसतो, त्या वयात हा तरुण मुळाक्षरांपासून सुरुवात करायला शेकडो कोस पायी निघाला होता. मला या भागाचे फार वाटते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षी वर्गात इतर मुली ज्या गोष्टी सहज बोलत, त्यांतल्या निम्म्या मला समजत नसत, आणि विचारायला लाज वाटे. काशीत आठ-आठ वर्षांच्या मुलांशेजारी बसून संथा घेणाऱ्या विशीतल्या माणसाला काय वाटले असेल, याची कल्पना मी करू शकते. तेथे त्यांनी बाळंभट्ट पायगुंडे या मोठ्या पंडितांकडे अध्ययन केले. सावकाराचा शागिर्द धर्मशास्त्राचा अधिकारी पंडित होऊन परत आला.

1751 मध्ये ते पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून राहिले आणि 1759 मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. 1761 साली पानिपतचा घाव बसला आणि अवघ्या सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. या तरुण पेशव्याची आणि चाळिशी गाठलेल्या शास्त्र्यांची जोडी मराठ्यांच्या इतिहासात फार शोभून दिसते. माधवरावांना मध्यंतरी जपतपाचा नाद लागला होता. एके दिवशी रामशास्त्री कामासाठी गेले असता पेशवे ध्यानाला बसलेले. शास्त्री मुकाट्याने परत आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीला जाऊन राहण्याची रजा मागितली. माधवराव दिलगिरी व्यक्त करू लागले, तेव्हा शास्त्र्यांनी त्यांना स्पष्ट सांगितले, की ब्राह्मणाचा धर्मच पाळायचा असेल तर दोघेही गंगेच्या काठी जाऊन बसू. पण राज्य करायचे असेल तर रयतेचे काम हीच पूजा समजली पाहिजे. पेशव्यांनी ते मानले आणि जपाचा वेळ कामाला दिला. ही काशीची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

त्यांच्या घराविषयीही अशाच हकीकती आहेत. दुसऱ्या दिवसाला पुरेल एवढेही धान्य ते घरात साठवीत नसत, असे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. हा इंग्रज अधिकारी 1818 ते 1822 पर्यंत साताऱ्यास होता आणि त्याने मराठ्यांचा इतिहास 1826 मध्ये प्रसिद्ध केला. राज्य जिंकून घेणाऱ्या पक्षाचा हा माणूस. त्याला आपल्या एका शास्त्र्याची खोटी स्तुती करण्याचे काहीच कारण नव्हते. श्रावणमासाच्या दक्षिणेची गोष्टही सर्वांना माहीत आहे. दक्षिणेच्या रांगेत शास्त्र्यांचा सख्खा भाऊ आला. नाना फडणीस त्याला वीस रुपये देऊ म्हणाले. पण भाऊ विद्वान नाही, तेव्हा सरकारातून त्याला इतरांप्रमाणे दोनच रुपये द्यावेत, भाऊ म्हणून काय द्यायचे ते मी घरातून देईन, असे शास्त्र्यांनी सांगितले. आज नोकरीच्या अर्जाबरोबर कोणाची चिठ्ठी जोडता येईल याचा शोध चालतो, तेव्हा ही गोष्ट आठवते. असो.

18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊर येथे माधवराव वारले. धाकटे भाऊ नारायणराव गादीवर आले. पुढे एक वर्षही गेले नाही. 30 ऑगस्ट 1773 रोजी भर दुपारी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. जीव वाचवण्यासाठी ते ज्या काकाला जाऊन बिलगले, त्या रघुनाथरावांच्या देखत हे घडले. नारायणराव तेव्हा अठरा वर्षांचे होते, माझ्यापेक्षाही एका वर्षाने लहान.

त्यानंतर पुण्यात काय झाले असेल? मोठमोठे मुत्सद्दी गप्प होते. रघुनाथरावांच्या नावाने द्वाही फिरली. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडून आणायची तयारी चालली. पेशवा मेला तरी कारभार थांबत नाही, आणि नव्या धन्याशी जुळवून घेणे हा नोकराचा जुना रिवाजच आहे. रामशास्त्री मात्र चौकशीला लागले. कोणाचा हुकूम होता, गारद्यांना कोणी चिथावले, कागद कोणाच्या हातचा, हे सर्व त्यांनी काही आठवडे शोधून काढले. नारायणरावांना धरावे एवढाच मूळ हुकूम होता आणि आनंदीबाईंनी ध चा मा केला, ही हकीकत तेव्हापासून लोकांच्या तोंडी आहे. ती खरी असो वा नसो, खुनाच्या कटाची मुळे रघुनाथरावांपर्यंत जातात असा शास्त्र्यांचा निर्णय झाला.

मग तो प्रसंग आला. रघुनाथरावांनी विचारले, की या पातकाला प्रायश्चित्त कोणते? रामशास्त्र्यांनी त्यांच्या तोंडावर सांगितले, की देहान्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही. आणि जोवर तुम्ही राज्य कराल तोवर मी या शहरात पाऊल ठेवणार नाही, असे सांगून ते पुण्याबाहेर पडले.

हा प्रसंग नाटककारांना मोह घालणारा आहे. आपल्या सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी 1909 मध्ये याच कथेवर भाऊबंदकी नाटक लिहिले. 1944 मध्ये प्रभातने रामशास्त्री हा चित्रपट काढला, त्यात गजानन जागीरदारांनी शास्त्र्यांचे काम केले. रंगभूमीवर या ठिकाणी टाळ्या पडतात. पण पडदा पडल्यानंतर रामशास्त्री कोठे गेले, घरी काय सांगितले, सामान किती होते, हे नाटक सांगत नाही. मला तेच जाणून घ्यावेसे वाटते.

ते वाईजवळच्या पांडववाडीला गेले. वय पन्नाशीच्या पुढचे. आता विचार करा. माधवरावांना ज्या काशीचा धाक घातला होता, ती काशी आता मोकळी होती. तेथे त्यांचे गुरुघराणे होते, नाव होते, विद्वानाने देह ठेवावा अशी ती जागा. तिकडे ते गेले नाहीत. जन्मगाव माहुलीलाही गेले नाहीत. माहुली साताऱ्याच्या अगदी दारात, आणि साताऱ्यास त्याच वेळी नव्या पेशव्याच्या वस्त्रांची खटपट चालू. तेथे जाणे म्हणजे एका दरबारातून उठून दुसऱ्या दरबाराच्या पायरीवर बसण्यासारखे झाले असते, असे मला वाटते. वाई त्या मानाने बाजूला. कृष्णा माहुलीला येण्याआधी वाईवरून येते, तेव्हा नदी लहानपणापासूनची. वाईला दक्षिण काशी म्हणतात. घाट, देवळे आणि वेदशास्त्र जाणणारी घराणी तेथे होती. रास्त्यांनी ढोल्या गणपतीचे देऊळ बांधून तेव्हा दहा-अकरा वर्षेच झाली होती. ग्रंथ वाचायचे, शिष्याला संथा द्यायची, चार शहाण्या माणसांशी बोलायचे, तर सोय उत्तम. आणि पुणे दोन-तीन मजलांवर. बोलावणे आले तर पोहोचेल, पण रोजची ऊठबस करावी लागणार नाही, एवढेच अंतर.

आमच्या वर्गात या विषयावर बोलणे निघाले होते, तेव्हा एका मुलाचे म्हणणे पडले की हा पळपुटेपणाच नव्हे काय? शिक्षा सांगितली पण अंमलात कोण आणणार? सखारामबापू आणि नाना फडणीस पुण्यात टिकून राहिले, त्यांनी बारभाईंचे कारस्थान उभारले, म्हणून रघुनाथरावांना घालवता आले. 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या मुलाच्या नावाने वस्त्रे आली. हे शास्त्र्यांनी केले नाही, हे खरे आहे. पण माझे म्हणणे निराळे आहे. न्यायाधीशाजवळ फौज नसते. त्याच्याजवळ फक्त त्याची खुर्ची असते, आणि ती खुनी माणसाच्या दरबारात भरलेली दिसली की खुनी माणूसही राजा दिसू लागतो. शास्त्र्यांनी ती खुर्ची रिकामी ठेवली. बारभाईंना रघुनाथरावांविरुद्ध लोकांसमोर उभे राहायचे होते, तेव्हा शास्त्र्यांचा तो निर्णय त्यांच्या किती उपयोगी पडला असेल!

रघुनाथरावांना देहान्त झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. ते इंग्रजांकडे गेले, 1775 चा सुरतेचा तह केला, लढाया पेटवल्या, आणि 1782 च्या सालबाईच्या तहानंतर 1783 मध्ये कोपरगावास निवर्तले. 1796 मध्ये त्यांचाच मुलगा दुसरा बाजीराव पेशवा झाला.

वाईपासून थोड्याच अंतरावर मेणवली आहे. तेथे नाना फडणिसांनी वाडा बांधला, कृष्णेला चंद्रकोरीसारखा घाट बांधला, देवळे उभारली. आमची सहल तेथे गेली होती. वाडा पाहून वाटले, की म्हातारपणी राहण्यासाठी याहून चांगली जागा कोणती? पण नानांना तेथे स्वस्थ राहणे फारसे जमले नाही. कारभार त्यांनी सोडला नाही आणि कारभाराने त्यांना सोडले नाही. 13 मार्च 1800 रोजी ते पुण्यातच वारले. पांडववाडीला वाडा नाही, घाट नाही. पण तेथे राहणारा माणूस मनाने निघाला म्हणून निघाला होता.

रामशास्त्र्यांची ही निवृत्ती कायमची ठरली नाही. रघुनाथरावांचे राज्य संपले होते, म्हणजे शपथेची मुदतही संपली होती. काही वर्षांनी नाना आणि कारभारी मंडळींनी त्यांना आग्रहाने परत बोलावले, आणि ते पुन्हा न्यायासनावर बसले. रागावून गेलेला माणूस पुष्कळदा परत येत नाही, किंवा आला तर मान मागत येतो. शास्त्री कामाला आले.

त्या काळचा न्याय आजच्यासारखा सर्वांना सारखा नव्हता. जातीप्रमाणे शिक्षा बदले, आणि आमच्यासारख्या कुणब्याच्या घरातील मुलीला त्या शास्त्रात फारसे स्थान नव्हते. हे झाकून रामशास्त्र्यांचे गुणगान करणे मला पटत नाही. पण त्याच शास्त्रातून ते कधी कोठवर जात, याची एक हकीकत सांगतात. ती सांगली जिल्ह्यातील तासगावची. परशुरामभाऊ पटवर्धनांची मुलगी अगदी बालवयात विधवा झाली. एवढ्या लहान मुलीचे पुन्हा लग्न करण्यास हरकत नाही, असे रामशास्त्र्यांनी मत दिले आणि काशीच्या पंडितांनीही ते मान्य केले म्हणतात. पण घरातूनच विरोध झाला. मुलीच्या आईने म्हणे सांगितले, की आमचे दुःख आम्ही सोसू, त्यासाठी रूढी मोडू नये. भाऊंनी विचार सोडून दिला. विधवाविवाहाचा कायदा त्यानंतर 1856 मध्ये झाला. त्या मुलीला कोणी काही विचारले होते का, हे कोणी सांगत नाही.

25 ऑक्टोबर 1789 रोजी रामशास्त्री वारले. त्यांच्यानंतर अय्याशास्त्री न्यायाधीश झाले. दोनच वर्षांनी पुण्यात घाशीराम कोतवालाचे प्रकरण घडले आणि संतापलेल्या लोकांनी कोतवालाला दगडांनी ठेचून मारले. तोपर्यंत पांडववाडीतले ते घर कोणाकडे होते, कोण जाणे.