यकृताची बंद वाट पाहणारे डॉक्टर : जॉर्ज बड



यकृत ही शरीरातली सगळ्यात मोठी ग्रंथी, हे आपण मुलांना शिकवतोच. पण यकृतात आलेलं रक्त बाहेर कुठून जातं, हे सांगतो का? आज ही वाट तपासणाऱ्या एका डॉक्टरांची ओळख करून घेऊया.

जॉर्ज बड यांचा जन्म १८०८ साली इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात, नॉर्थ टॉटन गावी झाला. वडील शल्यचिकित्सक होते. भाऊ विल्यमही डॉक्टर झाले. विषमज्वर दूषित पाण्यातून पसरतो, हे त्यांनी दाखवून दिलं. जॉर्ज आधी गणितात चमकले. आपले रँग्लर परांजपे ज्या केंब्रिजच्या परीक्षेत पहिले आले, त्याच परीक्षेत १८३१ साली बड तिसरे आले होते!

पुढे ते वैद्यकाकडे वळले. लंडनजवळ ग्रीनिचला थेम्स नदीत उभ्या असलेल्या ‘ड्रेडनॉट’ या रुग्णालय-जहाजावर त्यांनी आजारी खलाशांवर उपचार केले. १८४० साली ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १८४५ साली यकृताच्या रोगांवरचा त्यांचा ग्रंथ आला. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा बंद पडल्याची नोंद त्यात आहे.

आता बघा, मोरी तुंबली की पाणी मागे घरात येतं. इथेही तसंच होतं. रक्त यकृतात तुंबतं, यकृत सुजतं, पोटाच्या उजव्या बाजूला वर दुखतं आणि पोटात पाणी साचतं, म्हणजेच जलोदर होतो. कधी कावीळही दिसते. पोट फुगलेलं दिसलं की ‘पीत असेल’ असं आपण चटकन बोलून जातो. पण इथे मूळ कारण बहुतेकदा रक्त गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती असतं. हा आजार तरुणांना, क्वचित मुलांनाही होतो. म्हणून ‘गॅस झाला असेल’ म्हणत दिवस घालवू नका. डॉप्लर सोनोग्राफीत अडथळा दिसू शकतो. रक्त पातळ ठेवणारी औषधं, स्टेंट, गरज पडल्यास यकृत प्रत्यारोपण असे उपाय आज आहेत.

बड १८८२ साली वारले. १८९९ साली हान्स किआरी यांनी या विकाराचं सविस्तर वर्णन केलं आणि पुढे त्याला ‘बड-किआरी’ नाव मिळालं. बड यांना ते कधी कळलंच नाही. त्यांनी फक्त नीट पाहिलं आणि लिहून ठेवलं. मुलांना हीच सवय लावायची आहे ना?

पुढच्या वेळी फळ्यावर यकृत काढाल, तेव्हा रक्त आत नेणाऱ्या दोन बाणांसोबत बाहेर जाणारा बाणही नक्की काढा.