डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर व गरिबांचे ताट

थोर वैद्यांची चरित्रे वाचताना आपण बहुधा असे वाचतो की, अमुक एकाने एखादा सूक्ष्म जंतू शोधून काढला, अथवा अमुक एकाने एखादी लस तयार केली. आज आम्ही ज्या वैद्यांची हकीकत वाचकांस सादर करीत आहो, त्यांची कीर्ती निराळ्या कारणाने झाली. एका भयंकर रोगाचा जंतू मोठमोठे पंडित शोधीत असता, असा जंतू मुळी नाहीच, हे त्यांनी दाखवून दिले. रोगाचे मूळ गरिबांच्या ताटात आहे, आणि ताट रिकामे राहण्याचे मूळ त्यांच्या मजुरीत आहे, हे त्यांनी घरोघर हिशेब घेऊन सिद्ध केले.

जोसेफ गोल्डबर्गर यांचा जन्म १६ जुलै १८७४ रोजी त्या वेळच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील गिराल्ट नामक खेड्यात झाला. ते खेडे हल्ली स्लोव्हाकिया देशात आहे. घराणे यहूदी असून मेंढपाळीवर निर्वाह करीत असे. १८८३ साली आईबाप मुलांस घेऊन अमेरिकेतील संयुक्त संस्थानांत गेले व न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेकडील दाट आणि गरीब वस्तीत राहिले. तेथे वडिलांनी किराण्याचे लहानसे दुकान घातले. जोसेफ प्रथम इंजिनिअर होण्याच्या इराद्याने कॉलेजात गेले. परंतु पुढे त्यांचे मन वैद्यकीकडे वळले, आणि १८९५ साली ते बेलव्ह्यू वैद्यकीय विद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडले.

काही काळ खाजगी धंदा करून पाहिल्यावर १८९९ साली ते सरकारच्या आरोग्यखात्यात नोकरीस लागले. आरंभी बंदरात उतरणाऱ्या परदेशी लोकांची तपासणी करण्याचे काम त्यांजकडे होते. पुढे पीतज्वर, डेंग्यू व टायफस या रोगांच्या शोधासाठी त्यांस ठिकठिकाणी पाठविण्यात आले, आणि हे तिन्ही रोग एकेक वेळ त्यांच्या अंगावर बेतले. १९०६ साली मेरी फॅरर या दक्षिणेकडील प्रतिष्ठित ख्रिस्ती घराण्यातील मुलीशी त्यांचा विवाह झाला. ह्या बाईंचे धैर्य पतीच्या धैर्याहून कमी नव्हते, हे पुढे दिसून येईल.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांत पेलाग्रा नावाच्या रोगाने कहर केला होता. प्रथम उन्हाला उघडे राहणारे हात, पाय व मान यांवरची कातडी लाल होऊन खरखरीत होते व सोलून निघते. मग हगवण लागते. मग बुद्धीस भ्रम होतो. आणि शेवटी पुष्कळ रोगी मरण पावतात. हा रोग वसंत ऋतूत डोके वर काढी. १९०६ पासून १९४० पर्यंत त्या देशात सुमारे ३० लक्ष माणसांस तो झाला व त्यांपैकी सुमारे एक लक्ष मेली, असा अंदाज आहे. रोग संसर्गजन्य आहे अशी बहुतेकांची समजूत असल्यामुळे दुखण्याबरोबर लज्जाही रोग्याच्या वाट्यास येई. शेजारी त्याच्या घरी जात नसत, आणि कित्येक इस्पितळे त्यास दारात घेत नसत. गरीब लोक घाणीत राहतात म्हणून त्यांस हा रोग होतो, असेही पुष्कळ जण म्हणत.

१९१४ साली हे काम गोल्डबर्गर यांजवर सोपविण्यात आले. त्यांनी दुर्बिणीस डोळा लावण्यापूर्वी आपले साधे डोळे उघडे ठेवले. वेड्यांच्या इस्पितळांत व अनाथालयांत ते गेले, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. तेथील रोगी व मुले यांना पेलाग्रा होई. पण रात्रंदिवस त्यांजमध्ये वावरणाऱ्या दाया व नोकर यांना तो कधीच होत नसे. संसर्ग असता तर त्याने नोकर आणि रोगी असा भेद कसा केला असता? मग त्यांनी दोघांची ताटे पाहिली. नोकरांस दूध, अंडी व मांस यांतले काही ना काही मिळे. इतरांच्या ताटात मक्याचे पीठ, काकवी व डुकराची चरबी यांवाचून फारसे काही नसे. अनाथालयांत तान्ह्या मुलांस दूध मिळे, आणि कामास जाणाऱ्या मोठ्या मुलांस थोडे मांस मिळे. ह्या दोहोंच्या मधली, सहापासून बारा वर्षांपर्यंतची मुलेच बहुधा आजारी पडत.

मिसिसिपी संस्थानातील जॅक्सन शहरी ख्रिस्ती मंडळ्यांनी चालविलेली दोन अनाथालये होती. तेथील मुलांस सरकारी खर्चाने दूध, अंडी, मांस व द्विदल धान्ये देण्याची तजवीज गोल्डबर्गर यांनी केली. बाकी घरदार, बिछाने व शौचकूप होते तसेच ठेविले. पुढील वर्षी रोग जवळजवळ नाहीसा झाला. पण ह्या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. पैसा संपला, एका अनाथालयातील अन्न पुन्हा पूर्वीसारखे झाले, आणि काही महिन्यांतच रोग परत आला. तेथील व्यवस्थापक निर्दय होते असे नव्हे. त्यांच्या हाती पैसाच नव्हता.

इतके झाले तरी पुष्कळ डॉक्टरांची खात्री पटेना. तेव्हा १९१५ साली मिसिसिपीच्या रँकिन तुरुंगाच्या शेतावर निरोगी कैद्यांनी राजीखुशीने मक्याचे निकृष्ट अन्न खावे व त्याबद्दल गव्हर्नरांनी त्यांस मोकळे करावे, असे ठरले. शेवटपर्यंत टिकलेल्या ११ जणांपैकी सहा जणांस सुमारे सहा महिन्यांत पेलाग्राची चिन्हे दिसू लागली. सुटकेच्या आशेने दिलेली कैद्याची संमती ही खरी संमती नव्हे, असे आज मानतात. आणि असा प्रयोग आज कोणास करू दिला जाणार नाही. ही गोष्ट आम्ही वाचकांपासून लपवीत नाही.

तथापि जे दुसऱ्यास सोसावयास लाविले त्याहून अधिक किळसवाणे काम त्यांनी स्वतः पत्करिले. रोग संसर्गाचा आहे असे म्हणणाऱ्यांचे तोंड बंद व्हावे म्हणून १९१६ साली त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी रोग्यांचे रक्त आपल्या अंगात टोचून घेतले, आणि रोग्यांच्या कातडीच्या खपल्या व मलमूत्र गोळ्यांत घालून गिळले. ह्या कामी एकंदर १६ माणसे पुढे आली. त्यांत एकच स्त्री होती, ती म्हणजे मेरीबाई. त्यांनी रोगिणीचे रक्त टोचून घेतले. कोणासही पेलाग्रा झाला नाही.

अन्नाने रोग जातो हे कळले. पण लोक तसले अन्न का खातात, हा प्रश्न राहिलाच. गरिबास खावे कसे हे समजत नाही, असे सुखवस्तू लोक सहज बोलून जातात. गोल्डबर्गर यांनी हे बोलणे प्रमाण मानले नाही. एडगर सिडेनस्ट्रिकर नामक अर्थशास्त्रज्ञ त्यांस येऊन मिळाले. हे गृहस्थ चीन देशात काम करणाऱ्या एका मिशनरी दांपत्याचे पुत्र असून त्यांचा जन्मही तिकडेच झाला होता. ह्या दोघांनी आपल्या मदतनिसांसह १९१६ साली दक्षिण कॅरोलायना संस्थानात कापसाच्या गिरण्यांभोवती वसलेली सात गावे निवडली. दर पंधरवड्यास घरोघर जाऊन कोणास रोग झाला आहे ते पाहावे. कुटुंबात माणसे किती, मिळकत किती, गाय आहे की नाही, परसात भाजी आहे की नाही, हे लिहून घ्यावे. आणि गिरणीच्या दुकानातून पंधरा दिवसांत काय काय विकत नेले, त्याची नोंद करावी, असा त्यांचा क्रम होता.

ह्या हिशेबातून जे निघाले ते असे: मिळकत जसजशी कमी, तसतसा रोग जास्त. परंतु मिळकत सारखी असूनही एका गावात रोग फार व दुसऱ्यात मुळीच नाही, असेही आढळले. त्याचे कारण शोधता दिसून आले की, निरोगी गावाजवळ ताजे मांस व शेतमाल विकत मिळण्याची सोय होती, आणि रोगी गावाभोवती कापसावाचून दुसरे पीकच नव्हते. म्हणजे हाती पैसा हवा, आणि त्या पैशाने घेण्याजोगे अन्न जवळपासही हवे. बटाईने शेती करणारांची स्थिती तर याहून कठीण होती. जमीनदार उंबरठ्यापर्यंत कापूस लावावयास सांगे. पीक हाती येईपर्यंत उधारीवर जगावे लागे. आणि वसंत ऋतूत, घरात दाणा व दूध संपत आले असता, रोग येई.

आणखी एक गोष्ट त्या नोंदींत दिसते, ती आमच्या भगिनींनी विशेष ध्यानात घ्यावी. एकाच घरात पुरुषांपेक्षा तरुण व मध्यम वयाच्या स्त्रियांस हा रोग अधिक होई. थोडे मांस मिळाले तर ते कमावत्या पुरुषाच्या ताटात जाई, थोडे दूध मिळाले तर ते लेकरास जाई, आणि मका व काकवी आईच्या वाट्यास राही.

१९२० नंतर कापसाचा भाव कोसळला, तेव्हा रोग पुन्हा वाढेल असे ह्या दोघांनी आधीच सांगितले. १९२१ साली राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी दक्षिणेच्या मदतीचा विषय जाहीरपणे काढला. पण तिकडील पुढारी मंडळींस हा आपल्या प्रदेशाचा अपमान वाटला, व त्यांनी मदतच नाकारली. रोगापेक्षा रोगाच्या बोभाट्याची लाज वाटावी, हे केवढे दुर्दैव! मध्यंतरी गोल्डबर्गर यांनी शोध चालूच ठेविला, आणि वाळविलेले यीस्ट हे स्वस्त औषध गुणकारी ठरले. १९२७ साली मिसिसिपी नदीस महापूर आला, तेव्हा रेड क्रॉसच्या द्वारे पूरग्रस्तांस ते वाटण्यात आले. तरी यीस्ट हा तात्पुरता उपाय आहे, आणि शेतकऱ्याने कापसाबरोबर गाय व भाजीपाला ठेवावा अशी त्याची परिस्थिती करणे हाच कायमचा उपाय आहे, असे त्यांचे मत होते.

१७ जानेवारी १९२९ रोजी वयाच्या ५४व्या वर्षी मूत्रपिंडाच्या कर्करोगाने त्यांचा अंत झाला. अन्नातील ज्या द्रव्याच्या अभावी पेलाग्रा होतो, ते त्यांच्या हयातीत सापडले नाही. १९३७ साली कॉनराड एल्वेजेम यांनी ते ओळखले. हल्ली त्यास नायसिन म्हणतात. पुढे पिठात हे द्रव्य मिसळू लागले व लोकांची मिळकतही वाढली, तेव्हा तो रोग अमेरिकेतून जवळजवळ गेला.

त्यांच्या कामातली एक उणीव सांगणे योग्य होईल. पेलाग्राने मेलेल्यांत सुमारे निम्मे लोक कृष्णवर्णीय होते. परंतु गिरणीगावांच्या त्या मोठ्या नोंदीत फक्त गोऱ्या कुटुंबांची गणती झाली. ज्यांची गणती होत नाही, त्यांचे दुःख कागदावर येत नाही, आणि जे कागदावर येत नाही त्यावर उपायही सहसा होत नाही.

हा रोग परक्या देशाचा आहे असे आमच्या वाचकांनी समजू नये. १९६० साली हैदराबाद येथील शास्त्रज्ञ डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी दख्खनच्या पठारावर, केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्याच्या नेमक्या कारणाविषयी पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. तथापि एवढे खरे की, भाकरी ही टाकण्याची वस्तू नव्हे. भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे, अंडी अथवा मासळी यांपैकी काहीच नसणे, हे वाईट.

आमच्या उपदेशक बंधूंस घरोघर जाण्याचा प्रसंग नित्य येतो. कोणी वारंवार आजारी असल्याचे दिसल्यास, त्याच्या अस्वच्छतेविषयी किंवा अज्ञानाविषयी बोलण्यापूर्वी घरात काय शिजते, ते विकत घेण्यास पैसा आहे काय, गावात ते मिळते काय, आणि सर्वांत शेवटी कोण जेवते, हे चार प्रश्न प्रेमाने विचारावे. उत्तरे वहीत लिहून ठेवावी, आणि रोग्यास दवाखान्यात पोचवितेवेळी ती डॉक्टरांस दाखवावी. अनेक घरांची उत्तरे सारखीच निघाली, तर गावाने मिळून ती ग्रामपंचायतीपुढे मांडावी. मेंढपाळाच्या त्या मुलाने एवढेच केले. मात्र त्याने ते मन लावून केले, आणि जे आढळले ते कोणाची भीड न धरता सांगितले.