वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मोर्देकाई हाफकिन (१५ मार्च १८६० – २६ ऑक्टोबर १९३०) हे पटकी आणि प्लेग या दोन रोगांवरील लसी तयार करणारे जिवाणुशास्त्रज्ञ होते. त्यांच्या कार्याचा महत्त्वाचा काळ मुंबईत गेला. परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

सुरुवातीचे जीवन

हाफकिन यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा येथील विद्यापीठात त्यांनी इल्या मेचनिकॉफ यांच्या हाताखाली प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. धर्मांतर न केल्यामुळे तेथे वरच्या पदाचा मार्ग बंद झाला, तेव्हा ते जिनिव्हामार्गे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तेथे आरंभी त्यांना ग्रंथालयातील सहायकाची जागा मिळाली. पटकीची लस तयार केल्यावर त्यांनी १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले व उत्तर भारतात आणि कलकत्त्याच्या वस्त्यांत त्यांनी हजारो लोकांना ही लस टोचली. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते. लष्करी शिस्तीत वाढलेल्या येथील ब्रिटिश वैद्यकीय सेवेत त्यांच्याकडे काहीसे परका म्हणूनच पाहिले जाई, आणि पुढील घटना समजून घेताना हे ध्यानात ठेवावे लागते.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगास यांनी मांडवी भागातील रुग्णांत प्लेगचे निदान केले. पुढच्याच महिन्यात हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका खोलीत, एक कारकून व तीन शिपाई एवढ्या मनुष्यबळावर त्यांनी काम सुरू केले. गोमांस व डुकराचे मांस टाळून बकऱ्याच्या मांसाचा रस्सा माध्यम म्हणून वापरला. त्यावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडून जिवाणू वाढविले जात, मग उष्णतेने मारले जात आणि शेवटी थोडे कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळा तुरुंगात साथ पसरली असता स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. न टोचलेल्या कैद्यांच्या तुलनेत त्यांच्यात आजार आणि मृत्यू दोन्ही पुष्कळ कमी आढळले.

पुण्यात याच सुमारास घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण आणि त्यातून रँडचा वध असे घडत होते. त्या वातावरणात सरकारी दवाखान्याकडून येणाऱ्या कोणत्याही गोष्टीबद्दल लोकांच्या मनात भीती होती. हाफकिन यांची लस मात्र ऐच्छिक होती. तिसरे आगाखान यांनी सर्वांसमक्ष ती टोचून घेतली व प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलली.

मुलकोवाल प्रकरण

१९०२ मध्ये पंजाबात लसीकरणाची मोठी मोहीम आखली गेली. वाढत्या मागणीमुळे परळच्या प्रयोगशाळेने जलद उत्पादनाची नवी पद्धत स्वीकारली होती आणि तीत कार्बोलिक आम्ल वगळले होते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मुलकोवाल (आता पाकिस्तानात) या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी ज्या १९ जणांना ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून लस मिळाली, ते सर्व धनुर्वाताने मरण पावले. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी असे ठरविले व कार्बोलिक आम्ल वगळण्यावर ठपका ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. वास्तविक परळमध्ये भरलेली बाटली रुग्णाच्या दंडापर्यंत पोहोचेतो अनेक हातांतून जात होती. चौकशीत एक साधी गोष्ट नोंदली गेली होती. बूच काढण्याचा चिमटा मदतनीसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न धरता केवळ कार्बोलिक द्रावणात बुडवून पुन्हा वापरण्यात आला होता. मातीत असणारे धनुर्वाताचे बीजाणू अशा ओझरत्या बुडवण्याने मरत नाहीत. शिवाय बाटली सुमारे सहा आठवड्यांपूर्वी भरलेली होती. इतके दिवस त्यात धनुर्वाताचे जिवाणू वाढत असते, तर उघडताना दुर्गंधी आली असती. पण लस टोचणाऱ्या डॉक्टरांना तशी काही जाणवली नव्हती. या साक्षींना आयोगाने पुरेसे वजन दिले नाही, असेच आज कागदपत्रे वाचताना वाटते.

लंडनच्या लिस्टर संस्थेने पुराव्याची फेरतपासणी केली. बाटली उघडतानाच ती दूषित झाली असण्याची दाट शक्यता आहे, असा तिचा निष्कर्ष होता. रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये टाइम्स या वृत्तपत्रातील पत्रातून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी सरकारने त्यांना दोषमुक्त केले. या प्रकरणाची तुलना फ्रान्समधील ड्रायफस खटल्याशीही केली गेली.

उत्तरायुष्य

दोषमुक्तीनंतर ते भारतात परतले, परंतु परळची जागा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यातील प्रयोगशाळेचे प्रमुखपद मिळाले. मात्र तेथे माणसांवर लसींच्या चाचण्या करण्याची मुभा नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपात गेले. अखेरच्या वर्षांत त्यांनी आपली संपत्ती ज्यू धर्मशिक्षणासाठी दिली. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

परळच्या प्रयोगशाळेला त्यांच्या हयातीतच, १९२५ मध्ये, हाफकिन यांचे नाव देण्यात आले. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.