हुतात्मा भाई कोतवाल : माथेरान ते सिद्धगड



दरवर्षी 2 जानेवारीला मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या स्मारकाकडे गाड्या जायला लागतात. शाळेत आपण त्या दिवशी प्रतिमेला हार घालतो, दोन मुलं भाषण पाठ करून म्हणतात आणि पाऊण तासात कार्यक्रम आटोपतो. भाषणात जन्मतारीख असते, बलिदानाची तारीख असते. मधली तीस वर्षं मात्र गाळलेली असतात, आणि वर्गात सांगण्यासारखं सगळं त्या तीस वर्षांतच आहे.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म 1 डिसेंबर 1912 रोजी माथेरानला, एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. माथेरान म्हणजे काय ते आधी मुलांना सांगा. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेला आणि साहेबांना उन्हाळ्यासाठी थंड जागा सापडली. आपल्या इतिहासात याला माथेरानचा शोध म्हणतात. डोंगरावर ठाकर-कातकरी पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते, त्यांनी तो शोधला असं कुठे लिहिलेलं नाही. पाठ्यपुस्तकातला एवढा एक शब्दसुद्धा वर्गात तासभर चर्चेला पुरतो. पुढे बंगले झाले, 1907 ला छोटी रेल्वे आली, आणि पायथ्याची माणसं वर ओझी वाहायला, रिक्षा ओढायला लागली. माणसाने माणसाला ओढायच्या त्या हातरिक्षा बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 2025 साली द्यावा लागला. बघा, किती लांबवर पोचतं हे!

अशा गावात वाढलेला हा मुलगा शिकला, वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्षही झाला. वकिली करून मुंबईत सुखात राहता आलं असतं. पण त्यांचं लक्ष होतं पायथ्याच्या शेतकऱ्याकडे. पावसाळा आला की घरातलं धान्य संपतं, मग सावकाराकडून खावटी आणायची आणि सुगीला दिढीने फेडायची. एक मण आणलं तर दीड मण परत. कोर्टात गेलात तर कागद सावकाराच्या बाजूचा, कारण इंग्रजांचा कायदा अंगठा उठवलेला कागद मानायचा. भाईंनी धान्यकोठ्या उभ्या केल्या, म्हणजे गावाचं धान्य गावातच, गरजेला घ्या आणि नंतर परत करा. जोडीला स्वयंसेवी शाळा काढल्या. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की पुढे त्यांच्या दस्त्यात शेतकऱ्यांबरोबर या शाळांचे मास्तरही होते.

8 ऑगस्ट 1942 ला गवालिया टँकवर छोडो भारतचा ठराव झाला आणि भाई भूमिगत झाले. आझाद दस्ता उभा राहिला, पन्नासच्या आसपास माणसांचा. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात त्यांनी मुंबईला वीज नेणारे 11 मनोरे पाडले. मनोरेच का? कर्जत-खोपोलीच्या डोंगरात पाणी अडवून वीज तयार व्हायची आणि तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांना, रेल्वेला जायची. ज्या गावांवरून तारा जायच्या तिथे मात्र रॉकेलची चिमणी.

आता इथे थांबा आणि मुलांना दुसरी बाजूही सांगा. तेव्हा महायुद्ध चालू होतं, जपान ब्रह्मदेशापर्यंत आला होता. सरकारी कागदात हे मनोरे पाडणं म्हणजे युद्धकाळातला घातपात होता आणि भाई फरारी गुन्हेगार. कम्युनिस्ट पक्षाला तेव्हा हे युद्ध फॅसिझमविरुद्धचं लोकयुद्ध वाटत होतं, म्हणून तो या आंदोलनाबाहेर राहिला. खुद्द गांधीजींना लपूनछपून केलेली मोडतोड मान्य नव्हती, 1944 मध्ये सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना उघड व्हायला सांगितलं. म्हणजे स्वातंत्र्य हवं असणाऱ्यांतही एकमत नव्हतं. मला विचाराल तर भाईंनी माणसं मारायला नव्हे, तारा तोडायला माणसं जमवली, हा फरक मोठा आहे. पण वर्गात माझं मत मी शेवटी सांगतो, आधी नाही.

2 जानेवारी 1943 ची पहाट. दस्ता सिद्धगडच्या जंगलात होता. ठावठिकाणा पोलिसांना कळला होता, आणि त्यात इथल्याच एका जमीनदाराचा हात होता असं सांगतात. पोलीस अधिकारी हॉल फौज घेऊन आला. गोळीबारात आधी हिराजी पाटील पडले, मग भाई. जखमी भाईंना हॉलने जवळून गोळी घातली, असं इकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पोलिसांच्या दृष्टीने ती चकमक, गावाच्या दृष्टीने हत्या. हॉल साहेब होता, पण त्याच्यासोबतचे शिपाई बहुतेक आपल्यासारखेच खेड्यातले होते, हेही मुलांपासून लपवू नका.

दोन वर्षांनी, जानेवारी 1945 मध्ये, टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं आणि ठाणे जिल्ह्यात वारल्यांचा लढा पेटला. 1942 ला बाहेर राहिलेलेच लोक इथे पुढे होते, आणि सावकार-जमीनदार तेच होते. म्हणून आपल्याकडे एकाच गावात एका घराला भाई कोतवाल जवळचे, तर दुसऱ्याला लाल बावटा.

पालक विचारतात, हे जुनं कशाला उगाळायचं? शहापुरात राहून हा प्रश्न पडू नये. तानसा धरण 1892 चं, साहेबाने मुंबईच्या नळासाठी बांधलेलं. स्वातंत्र्यानंतर त्याच वाटेने वैतरणा आली, भातसा आली. पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल-मे महिन्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो. 1878 च्या वनकायद्याने जंगल सरकारचं केलं, आणि त्यातल्या दळी जमिनींचे दावे 2006 च्या वनहक्क कायद्याखाली आजही पडून आहेत. 2018 चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च कसारा घाट उतरून आपल्याच रस्त्याने गेला. 2023 चा वाशिंदला थांबला. दोन्ही वेळा वनजमिनीची मागणी होतीच. खावटी हा शब्दही गेला नाही, पुढे ती सरकारी योजना झाली.

निवडणुकीत पाणी, वनपट्टे, खावटी हेच बोललं जातं. पुढारी सगळ्या पक्षांचे, आणि 2 जानेवारीला सिद्धगडावर हार घालायला येणारेही सगळ्या पक्षांचे. कोणी त्यांना काँग्रेसचा सैनिक म्हणतं, कोणी क्रांतिकारक, कोणी समाजाचा अभिमान. धान्यकोठीवाले भाई मात्र फारसे कोणाच्या भाषणात येत नाहीत.

सहावी ते आठवीच्या मुलांना एक काम द्या. घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचं, की पूर्वी आपलं घर खावटी कोणाकडून आणायचं आणि परत किती द्यायचं. उत्तरं वहीत लिहून घ्या, पण सावकाराचं नाव वर्गात मोठ्याने वाचू नका. त्याचा पणतू कदाचित पुढच्याच बाकावर बसलेला असेल.